दुष्काळाच्या सालची बाटली

जीभ काढायच्या चार दिवस आधी मी बायकोला घेऊन वाइन प्यायला गेल्तो. कोणाला नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा. मी जन्मात दारूला शिवलो न्हाई, आन बायकोचा तर प्रश्नच न्हाई. माझी खोड वेगळी होती, तंबाखू आन चुना.

जालन्यात एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत मी बत्तीस वर्षं काढली. शंभर दाणे मोजायचे, ओल्या कागदात गुंडाळायचे, यंत्रात ठेवायचे, आठवड्यानं उघडून किती उगवले ते बघायचं. मंग दुसरे शंभर. दिवसभर दाणे मोजले की डोळ्यावर झापड येते, म्हणून गालात चिमूट. त्या चिमटीनं जिभेच्या उजव्या अंगाला फोड आली. ती बरी होईना म्हणून डॉक्टरनं तिचा तुकडा काढून तपासायला पाठवला. मी हजारो नमुने तपासले, पण माझाच नमुना कोणी तपासायला नेतो आहे हे पहिल्यांदा बघितलं. निकाल फेल आला.

डॉक्टर म्हणाला, जवळपास सगळी जीभ काढावी लागेल. मी विचारलं, "बोलणं?" तो म्हणाला, प्रयत्न करू. मी विचारलं, "आन चव?" तो फाइलीत बघत राह्यला. मला वाटलं आता छातीत धडधड होईल, रडू येईल, काहीतरी होईल. काहीच झालं न्हाई. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढं होतं, तेवढं मी बघितलं आन बाहेर आलो.

खरं सांगायचं तर चव आधीच गेली होती. ऑपरेशनच्या आधी किमोचे डोस दिले, दोन महिने. पहिल्या डोसानंतर आठ दिवसांत तोंडात काहीही घातलं तरी ओला पुठ्ठा चघळल्यासारखं लागायला लागलं. गोड न्हाई, तिखट न्हाई, मीठ न्हाई. हे मी बायकोला सांगितलं न्हाई. डॉक्टरशी चवीचं बोलणं झालं तेव्हाही ती बाहेर औषधाच्या रांगेत उभी होती.

का न्हाई सांगितलं, त्यासाठी आमच्या घरची एक रीत सांगावी लागेल. दिवसभर पास-फेल करून मी घरी यायचो आन तेच तोंड घेऊन जेवायला बसायचो. पहिला घास माझा. बायको हातात पळी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी. मी घास गिळायचो आन निकाल द्यायचो. मीठ चिमूटभर कमी. डाळ घोटली न्हाई. वांगं तेलात नीट परतलं न्हाई. फोडणी करपली, पण थोडीच. एकतीस वर्षांत एकदाही मी नुसतं "छान" म्हणून पुढचा घास घेतला न्हाई. माझी जीभ तशी तेज होती, मला तिचा गर्व होता. ती म्हणायची, "तुमच्या जिभेला हाड न्हाई, पण काटा मात्र हाय."

आता चव गेल्यावर चूक तरी कशातली काढायची? मीठ कमी म्हणावं आन ते जास्तच असलं तर? म्हणून मी छान म्हणायला लागलो. वरणात कुस्करलेली पोळी, छान. ताकातल्या कण्या, छान. ती पळी घेऊन उभी राह्यची आन मी छान म्हणलो की तोंडावर पदर धरून आत जायची. दुसऱ्या दिवशी आणखी काहीतरी करायची. मला वाटायचं, बरं झालं, कळलं न्हाई.

पण मनात एक होतं. कायमची जायच्या आधी एकदा, एकच घोट, एकच घास का असेना, जिभेला काहीतरी लागावं. इतकी वर्षं दुसऱ्याच्या मालाच्या चुका काढल्या त्या जिभेनं जाता जाता काहीतरी ओळखावं. घरातलं सगळं करून बघितलं होतं. लिंबू चोखलं, कच्ची मिरची चावली, हिंगाचा खडा ठेवला. नुसती आग व्हायची. मंग मला ते स्टेक हाऊस आठवलं.

वडीगोद्रीच्या अलीकडं, हायवेला लागून ते आहे. कंपनीच्या कामाला अंबड भागात जाताना मी ती पाटी कैकदा वाचली होती आन प्रत्येक वेळी हसलो होतो. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला मोसंबी, समोर पंक्चरचं दुकान, आन मधीच पाटी, स्टेक हाऊस. मालक तिथलाच, पस्तिशीचा. मोठ्या जहाजांवरच्या हॉटेलांत दहा-बारा वर्षं स्वयंपाक करून परत आला होता. पाटीखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, जुन्या मुरलेल्या वाइनचं तळघर. जिभेला लागेल असं जगात काही उरलं असेल तर ते असंच काहीतरी असेल, असं मी ठरवलं. डॉक्टरला विचारलं न्हाई. विचारलं असतं तर तो न्हाईच म्हणला असता.

बायकोला म्हणलो, "चल, बाहेर जेवू."

"कुठं?"

"वडीगोद्रीकडं. तिथं वाइन मिळते."

ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. "डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? ह्या वयात?"

"ह्याच वयात. शुक्रवारनंतर काही पिता येणार न्हाई मला."

 तिनं पोळी तव्यावर टाकली, भाजली, उतरवली. मंग म्हणली, "कोणती साडी नेसू?"

भाड्याची गाडी केली. ऊन उतरायच्या सुमाराला पोहोचलो. मालक पांढरा कोट घालून दारातच उभा होता. मला बघून म्हणला, "या काका. मला वळखलं न्हाई तुमी. मी वळखलं."

मी म्हणलो, "नसेल वळखलं. काय झालं?"

"तुमी आमचा ज्वारीच्या बियाण्याचा लॉट फेल केल्ता. मी शाळेत होतो. वडील दोन दिवस जेवले न्हाईत."

मला आठवलं. अशा लोकांचे चेहरे आठवत न्हाईत, पण लॉट आठवतात. शेड गळत होतं म्हणून त्याच्या वडिलांनी कंपनीसाठी पिकवलेलं बियाणं पेवात ठेवलं होतं. पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार, तोंड अरुंद, पोट मोठं. जुन्या घरांपाशी अजून असतात. त्या पेवात ओल धरली, शंभरातले चाळीसही दाणे उगवले न्हाईत. मी फेल मारलं. मी म्हणलो, "बराबरच केलं होतं."

"बराबरच केल्तं," तो हसून म्हणला. "वडील पण नंतर तेच म्हणले. चला, तेच पेव दाखवतो तुम्हाला. आता त्यातच वाइन हाय."

हे ऐकूनच माझं मन फिरलं. ज्या खड्ड्यात बियाणं मेलं त्यातली बाटली घ्यायची?

त्यानं पेवाला एका बाजूनं खणून पायऱ्या केल्या होत्या, आतून विटा बांधल्या होत्या, वर लाकडी दार बसवलं होतं. दार उघडलं तशी थंडगार हवा पायावर आली. मी पाय टाकणार तेवढ्यात बायकोनं माझ्या शर्टाची बाही धरली.

"थांबा. आधी दिवा सोडा."

मालकाला कळेना. "काकू, आत लाइट हाय न. एसी पण हाय."

"लाइटीनं काय कळतंय? पेव हाय न हे? मंग दिवा सोडल्याबिगर आत जायचं न्हाई."

बायको हसनाबादची. तिच्या माहेरी पेव होतं. पेव उघडलं की ते मोकळं ठेवायचं, मंग दोरीनं कंदील खाली सोडायचा. कंदील जळत राह्यला तर माणसानं उतरायचं, विझला तर न्हाई. आत विषारी हवा साठलेली असते. तिच्या लहानपणी त्यांच्या गल्लीतले दोघं भाऊ तसे गेल्ते, एक आत पडला म्हणून दुसरा काढायला उतरला. मालकानं एसी असल्याचं दोनदा सांगितलं, हवा खेळायचा पाइप दाखवला. ही दारात हटून उभी. शेवटी तो जाऊन जेवायच्या टेबलावरची मेणबत्ती घेऊन आला, पेटवली, आन पायऱ्या उतरून खाली फरशीवर ठेवून परत आला. आम्ही तिघं वरून बघत राह्यलो. ज्योत सरळ जळत होती.

"आता चला," बायको म्हणली. मालकाच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण ते चेष्टेचं नव्हतं. त्याच्या आजीची पण हीच रीत होती म्हणला.

खाली लाकडी फळ्यांवर बाटल्या आडव्या निजवलेल्या होत्या. मी पहिलीच चूक काढली. "आडव्या कशाला ठेवल्या? गळतील."

"बूच ओलं राहावं लागतं काका. उभी ठेवली की बूच वाळतं, हवा आत जाते."

मी चष्मा लावून लेबलं वाचायला लागलो. साल लिहिलेलं होतं, गाव लिहिलेलं होतं, पण मुदत कुठंच न्हाई. मी विचारलं, "मुदत कुठं हाय हिची?"

"ह्याला मुदत नसते."

"मुदत नसते? ज्या मालावर मुदत न्हाई तो माल मी हातात धरत न्हाई. सगळ्यात नवीन कोणती?"

"काका, लोक जुनी मागतात."

"लोकांना काय कळतंय? जुना लॉट म्हणजे मेलेला लॉट. जितका जुना तितकी उगवण कमी. बत्तीस वर्षं हेच बघितलं मी. बरं, नमुना दाखवा. वरच्या फळीतला थोडा, मधल्या फळीतला थोडा, खालच्या फळीतला थोडा. मंग ठरवतो."

मालक माझ्याकडं बघतच राह्यला. म्हणला, "नमुना न्हाई दाखवता येत. उघडली की संपली. उघडायची ती प्यायचीच."

आता काय करावं? नमुना बघितल्याशिवाय मी आयुष्यात काही पास केलं न्हाई. बायको बघायला गेल्तो तेव्हासुद्धा सासऱ्यानं पोहे दिले, मी ते खाऊन म्हणलो होतो, कांदा जरा कच्चा आहे. सासरा ते मरेपर्यंत सांगायचा.

मालकानं तीन बाटल्या काढून समोर ठेवल्या. पहिली दोन वर्षांपूर्वीची. दुसरी लॉकडाऊनच्या वर्षाची. तिसऱ्या बाटलीवर धुळीचा थर होता, ती सगळ्यात जुनी. ती उचलताना त्यानं दोन्ही हात लावले. म्हणला, "ही दुष्काळाच्या सालची. टँकरचं साल."

मी नवीन बाटलीवर बोट ठेवलं. बायको इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती, ती पुढं आली.

"का हो, लोणचं कवाचं खाता तुमी?"

"लोणच्याचा काय संबंध?"

"कालचं खाता का? कैरी कापली आन लगेच पानात वाढली, असं कवा झालं आपल्या घरात? मुरल्याबिगर तुमी त्याला हात लावत न्हाई. बरणी उघडल्यावर म्हणता, अजून आठ दिवस पाह्यजे होते." मंग ती मालकाकडं वळली. "दुष्काळात द्राक्षं कशी आली रं? पाणीच नव्हतं."

"आली काकू, पण बारकी आली. मण्यात पाणी कमी, साल जाड. म्हणूनच ही वाइन दाट हाय. एका घोटात कळतं."

एका घोटात कळतं, हे ऐकून मी थांबलो. मला तेच पाह्यजे होतं. दाट, जाड, इतकं जोरदार की मेलेल्या जिभेला पण खबर लागावी. बायको बोलतच होती. "त्या साली मी दोन हंड्यात सगळा स्वयंपाक केला. डाळ भिजवायला पाणी न्हाई, आन तुमी म्हणलात, डाळ कच्ची राह्यली. आठवतं का?"

आठवत होतं. कच्चीच राह्यली होती.

"हीच घ्या," ती म्हणली. "त्या सालानं आपल्याला काही दिलं न्हाई. एवढं तरी द्यावं."

मी माझ्या सगळ्या नोकरीच्या विरुद्ध जाऊन सर्वांत जुन्या लॉटला पास केलं. विनानमुना.

वर येऊन टेबलाशी बसलो. आम्ही दोघंच होतो, बाकीची टेबलं रिकामी. बायकोनं आधी विचारून घेतलं, "बैलाचं तर न्हाई न?" मालकानं कानाला हात लावला. बोकडाच्या मांडीचं होतं, जाड तुकडा, लोखंडी तव्यावर भाजलेला. मला चावायला त्रास होता म्हणून त्यानं माझ्यापुरते अगदी बारके काप करून आणले. बायकोनं काटा-चमचा बाजूला ठेवला आन म्हणली, "भाकरी हाय का?" स्टेक हाऊसात भाकरी कुठली? पण त्यानं मागं घरी निरोप पाठवला, त्याच्या आईनं गरम भाकरी थापून पाठवली. ती भाकरी आल्यावर बायको पहिल्यांदा नीट टेकून बसली.

मालकानं बाटलीचं बूच अलगद काढलं. वाइन रुंद तळाच्या काचेच्या भांड्यात ओतली आन म्हणला, अर्धा तास मोकळी ठेवू, मंग प्या. बायकोनं मान डोलवली. पेव उघडून मोकळं ठेवतात तसंच आहे म्हणली, बराबर करतो पोरगा.

अर्धा तास आम्ही तसाच बसून काढला. खिडकीतून ट्रक जाताना दिसत होते. चार दिवसांनी काय होणार हे दोघांना माहीत होतं. मुलगी पुण्याहून थेट दवाखान्यात येणार होती. गाद्यांच्या खोळी बदलल्या होत्या. मला भीती वाटत नव्हती. दुःखही होत नव्हतं. हात कानाखाली गेला की जबडा लागायचा, पण तो दुसऱ्याचा असल्यासारखा. मी त्या काचेच्या भांड्याकडं बघत होतो. एवढंच उरलं होतं बघायला.

मंग मालकानं पेल्यात ओतली. काळपट लाल होती. मी पेला नाकाशी नेला, वासही आला न्हाई. डाव्या बाजूनं, जिथं फोड नव्हती तिथून, एक घोट घेतला आन तोंडात धरून ठेवला.

आग झाली. फोडीला लागली असेल. आग गालापर्यंत गेली, डोळ्यात पाणी आलं, मंग उतरली. मी वाट बघितली. आगीच्या मागून काहीतरी येईल म्हणून थांबलो. दुसरा घोट घेतला. पुन्हा आग. मागून काही आलं न्हाई. ओला पुठ्ठा. आगीत धरलेला ओला पुठ्ठा.

तिथंच संपलं. बायको हातात भाकरीचा तुकडा धरून माझ्या तोंडाकडं बघत होती. पळी नव्हती एवढंच.

मी म्हणलो, "छान आहे."

तिनं तुकडा ताटात ठेवला. "काय म्हणलात?"

"छान आहे म्हणलो."

"एवढी जुनी, पेवातली, सायबाच्या देशातली रीत, पहिल्यांदा पिऊन राह्यले तुमी. आन नुसती छान? एक चूक न्हाई? एक खोट न्हाई?"

मी मटणाचा काप तोंडात घातला.

"मीठ कसं हाय त्याला?" तिनं विचारलं.

"बराबर आहे."

मटणाला मीठच नव्हतं. मीठ वेगळ्या वाटीत दिलं होतं, वरून भुरभुरायला. ती वाटी माझ्या समोरच होती. मला दिसली, तिला दिसली. आम्ही दोघं त्या वाटीकडं बघत राह्यलो.

"कवापासून?" ती म्हणली.

खोटं बोलण्यात आता राम नव्हता. "पहिल्या डोसापासून."

तिनं माझा पेला पुढ्यात ओढला. इकडं तिकडं बघितलं, पदरानं तोंड पुसलं आन घोट घेतला. माझ्या बायकोनं, जी प्रसादाचा शिरासुद्धा आधी कपाळाला लावते तिनं, वाइनचा घोट घेतला आन माझ्यासारखाच तोंडात धरून ठेवला. मंग गिळला. तोंड वाकडं केलं.

"ऐका," ती म्हणली. "आधी तुरट. जांभळं खाल्ल्यावर जीभ जड होते तशी. मंग आंबट, पण चिंचेचं न्हाई, पिकल्या बोराचं. मंग मागून वास येतो, गुळाची जुनी ढेप फोडल्यावर येतो तसा. आन सगळ्यात शेवटी कोरडं पडतं तोंड."

"मीठ?" माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"मीठ न्हाई. वाइनीत मीठ घालतात का कुठं?"

मी हसलो. मागच्या दोन महिन्यांत पहिल्यांदा हसलो. ती हसली न्हाई. तिनं आणखी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आन बोटांवर मोजत विचारायला लागली.

"येसराची आमटी?"

"न्हाई लागली."

"शेंगुळे? तुमच्यासाठी मऊ केल्ते ते?"

"न्हाई."

"पाडव्याचं पुरण? दुधात कालवून दिलं ते? दोनदा मागून घेतलंत तुमी."

"न्हाई."

"मी बहिणीला फोन करून सांगितलं हो," ती म्हणली. आवाज चढला न्हाई, उलट खाली गेला. "म्हणलं, दुखण्यानं माणूस सुधरला. म्हणलं, रोज छान म्हणून राह्यले. एकतीस वर्षांनी माझ्या हाताला चव आली म्हणलं. रोज सकाळी उठून मी विचार करायचे, आज काय करू म्हणजे छान म्हणतील."

मला काहीतरी वाटायला पाह्यजे होतं. लाज वाटायला पाह्यजे होती, आन ती असेलही कुठंतरी, पण वर येत नव्हती. मी मिठाची वाटी फिरवत बसलो.

"मंग त्याच्या आधीचं?" तिनं विचारलं.

"आधीचं काय?"

"आजाराच्या आधीचं. एकतीस वर्षांचं. ते तर लागत होतं न तोंडाला?"

"लागत होतं."

"मंग तवा का न्हाई म्हणलात?"

मालक दुरून येत होता, आणखी भाकरी पाह्यजे का विचारायला. तिला बघून परत गेला. तिच्या प्रश्नाला उत्तर होतं माझ्याकडं. जीभ होती, चार दिवस ती माझीच होती, बोलता येत होतं, आन समोर जिनं विचारलं तिला ऐकू येत होतं. मी पाणी प्यायलो. म्हणलो, "गाडीवाला थांबला असेल. निघू."

अर्ध्याच्या वर वाइन काचेच्या भांड्यात उरली होती. मालकानं ती परत बाटलीत ओतली आन बूच लावून बाटली दिली. बायकोनं ती जालन्यापर्यंत मांडीवर धरून आणली, आडवी, बूच ओलं राहावं म्हणून.

पुढचे चार दिवस बॅगा भरण्यात, कागद गोळा करण्यात, लोक भेटायला येण्यात गेले. ती स्वयंपाक करत होती, पण पळी घेऊन दारात उभी राह्यली न्हाई. ताट वाढून आत जायची. शुक्रवारी सकाळी मला ढकलगाडीवर घालून आत नेलं. ती सोबत चालत होती. दारापाशी नर्स म्हणाली, काका, काही बोलायचं असेल तर बोलून घ्या. मुलगी रडायला लागली. बायको माझ्याकडं बघत होती. मी म्हणलो, "पाण्याची मोटर बंद केली का?"

"केली," ती म्हणली.

ह्या जिभेचे ते शेवटचे शब्द. बत्तीस वर्षं चुका काढल्या, एकतीस वर्षं निकाल दिले, आन शेवटी मोटर.

आता नऊ महिने झाले. पोटाला नळी आहे. बायको सकाळी डाळ-तांदूळ, भाजी, थोडं दूध असं उकडून मिक्सरमध्ये बारीक करते, गाळते आन मोठ्या सिरिंजनं नळीतून सोडते. ते जिभेवरून जातच न्हाई, जीभच न्हाई. तरी ती त्यात जिरं घालते, मीठ घालते, कधी लिंबू पिळते. डॉक्टर म्हणला, चवीची काही गरज न्हाई. ती म्हणली, "तुमाला कोणी विचारलं?" गाळून झालं की आधी चमचाभर स्वतःच्या तोंडात टाकते आन मला निकाल सांगते. आज जिरं जरा पुढं आलंय. आज भोपळा गोड निघाला. आज डाळ घोटली न्हाई, घाई झाली. एकदा तिनं ती बाटली काढून वास घेतला, म्हणली, आंबली पार, पण गुळाचा वास अजून हाय. परत फळीवर ठेवून दिली, लोणच्याच्या बरणीशेजारी, आडवी.

मला पाटी दिली आहे लिहायला. मोटर, औषध, लाइट बिल, सगळं लिहितो. तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर दहादा लिहायला घेतलं आन दहादा पुसलं. पाटीवर मावण्यासारखं ते न्हाई वाटलं, म्हणून ही वही घेतली. आता एवढी पानं भरल्यावर बघतो तर ते एकाच ओळीत मावतं. आमटी छान होती, भरीत छान होतं, पोहेसुद्धा छान होते, कांदा कच्चा नव्हता, मी म्हणलो न्हाई कारण म्हणलो असतो तर तू पळी ठेवून आत गेली असतीस आन मला तू दारात उभी पाह्यजे होतीस.

हे लिहीपर्यंत मिक्सर थांबला. तिनं चमचा तोंडात घातल्याचं दिसलं. हातात पळी तशीच, दारात येऊन म्हणली, "आज मीठ जरा जास्त झालंय बघा."

उशाशी स्टीलचा पेला ठेवलेला असतो, हाक मारायला. त्यावर चमच्यानं दोनदा वाजवलं की फेल, एकदा वाजवलं की पास, असं आमचं ठरलं आहे. मी एकदा वाजवलं.